खालच्या कवळीची डावी कड

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा दंतवैद्यकी, त्यातही संपूर्ण कवळ्या बसवण्याचा, माझ्या कामाच्या खोलीत माझ्याच टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी शुद्ध शाबूत आहे. आमच्या फॅमिली डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले; मी शेवटपर्यंत गेलो, ते मध्येच चुकले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणू शकेल अशी एकच व्यक्ती या घरात होती, ती नऊ वर्षांपूर्वी गेली.

यापूर्वी केलेले माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात घर होते, बँक होती, आणि जे सांगायला हवे ते नव्हते. वकीलसाहेबांचे म्हणणे असे, की मृत्युपत्रात मालमत्ता लिहावी, मनातले लिहू नये. त्यांचा सल्ला मी फी देऊन घेतला आणि मानला नाही.

माझ्या मालमत्तेत मोलाची वस्तू एकच आहे. टेबलाखाली पत्र्याचा एक डबा आहे, त्यात त्रेचाळीस कार्डे आहेत. मी बनवलेल्या कवळ्या घालून आज त्रेचाळीस माणसे जेवतात, किंवा जेवत नाहीत. माझ्यानंतर त्यांच्या ताटाशी कोण बसणार, हा माझा एकमेव घोर आहे. बाकी घरदार कोणाला जायचे त्याला जाईल.

कलम पहिले. वरचा दोन खोल्यांचा फ्लॅट आणि ही खालची कामाची खोली, ही माझी स्वकष्टार्जित मिळकत. ती माझ्या एकुलत्या एका मुलीला, विनाअट. 'विनाअट' हा शब्द विचार करून लिहिला आहे. आधीच्या मृत्युपत्रात अट होती, ती का काढली ते कलम सातमध्ये येईल. घरातले सामान तिने ठेवावे किंवा विकावे. स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी एक उंच लाकडी स्टूल आहे, त्याचा एक पाय हलतो. ते कोणाच्या तरी कमरेत बसायच्या आत टाकून द्यावे.

कलम दुसरे. बँकेत जे काही शिल्लक राहील तेही मुलीला. त्यातून आधी दवाखान्याचे बिल फेडावे, माझ्यामागे कोणी माझ्या नावाने बोटे मोडू नयेत.

कलम तिसरे. माझी सर्व हत्यारे, म्हणजे मेणाच्या सुऱ्या, स्पिरिटचे दिवे, घासायचे यंत्र आणि वरचा-खालचा जबडा जुळवून बघायचे पितळी यंत्र, ही माझ्या कारागिराला. तो अडतीस वर्षे माझ्याकडे मेणात दात बसवतो आहे. सगळे त्याला मेणबुवा म्हणतात, आणि त्याचे खरे नाव विचारले तर त्यालाही क्षणभर आठवावे लागते. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असा कायदा आहे. हे ऐकून तो रुसला.

"डॉक्टरसाहेब, सुऱ्या राहू द्या. मला सही करू द्या."

"अरे, सुऱ्या कामाच्या आहेत. सही काय चाटायची आहे?"

"अडतीस वर्षांत तुम्ही माझी सही कुठे घेतलीत?"

हे खरे आहे. प्रत्येक कवळी निम्मी त्याची होती आणि नाव माझे लागले. म्हणून इथे लिहून ठेवतो: माझ्या हातून जे चांगले काम झाले त्यात अर्धा हात त्याचा. जे वाईट झाले ते माझे एकट्याचे. मापे मी घेत होतो. सही मात्र त्याला मिळणार नाही.

कलम चौथे. मागच्या भिंतीच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे आहेत, तीनशेच्या वर. त्यातले बरेचसे आता हयात नसलेल्या माणसांचे आहेत. भावनेच्या भरात ते कोणाच्या घरी नेऊन देऊ नयेत. एका वर्षी मी तसे केले होते. एका बाईंना त्यांच्या वडिलांचा जबडा नेऊन दिला, त्यांनी किंचाळून दार लावले. हात दाखवून अवलक्षण कशाला? सगळे जबडे फोडून जमिनीच्या भरावात टाकावेत. माणसे मुळात तिथेच जातात.

कलम पाचवे. टेबलावर फ्रेम केलेले सर्टिफिकेट आहे. त्याची काच मेणबुवाला द्यावी, कागद जाळावा.

हे कसे मिळाले ते सांगतो. उमेदवारीच्या काळात मी ज्यांच्या हाताखाली शिकलो, ते थोरले डॉक्टर म्हणायचे, "न आलेला पेशंट म्हणजे सुखी पेशंट." कवळी बसवली, पेशंट परत आला नाही, की ते खूश. मी ते वेदवाक्य धरले. खरे तर दात गेले की जबड्याचे हाड वर्षावर्षाला झिजते, हिरडी सपाट होत जाते, आणि कवळी मात्र होती तशीच राहते. आज घट्ट बसलेली कवळी पाच वर्षांनी तोंडात नाचू लागते. आतून नवे अस्तर लावावे लागते, टोचणारी कड घासावी लागते. हे सगळे मला तोंडपाठ होते. पण पेशंट आलाच नाही तर डॉक्टरने काय करायचे, असे म्हणून मी हात झटकत होतो.

पंचावन्नाव्या वर्षी मला हुशारी सुचली. जुन्या शंभर पेशंटना पोस्टाने कार्डे पाठवली. तीन प्रश्न: दुखते का, सैल आहे का, समाधानी आहात का. शंभरातल्या ब्याण्णव जणांनी 'पूर्ण समाधानी' वर खूण केली. मी तो आकडा आमच्या संघटनेच्या सभेत वाचून दाखवला, टाळ्या झाल्या, हे सर्टिफिकेट मिळाले. सगळ्यात आधी परत आलेले कार्ड माझ्या बायकोचे होते. तिने ते पोस्टातच टाकले होते, तिकीट लावून. मला त्याचे फार कौतुक वाटले.

थोरले डॉक्टर गेले. त्यांच्यावरचा राग मी इथे सोडून देतो. त्यांनी एक चुकीचे वाक्य शिकवले, मी ते तीस वर्षे पाळले. जास्त दोष कोणाचा ते उघड आहे.

कलम सहावे. माझ्या पत्नीविषयी. हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही.

सत्तेचाळिसाव्या वर्षी हिरड्यांच्या आजाराने तिचे सगळे दात गेले. दंतवैद्याच्या बायकोचे! लोक काय म्हणतील ही माझी काळजी, आता मी कशी दिसेन ही तिची. मी तिला म्हणालो, "तुझा चेहरा मी तुला परत देतो." लग्नातला फोटो समोर ठेवून कामाला बसलो. तिचा पुढचा एक दात किंचित तिरका होता, तो तसाच तिरका बसवला. मेणबुवा म्हणाला, "साहेब, सरळ करू की आता," त्याच्यावर मी ओरडलो. गाल भरलेला दिसावा म्हणून खालच्या कवळीची डावी कड मी नेहमीपेक्षा लांब ठेवली. तसे करायचे नसते. गालाचा स्नायू तिथे आपटतो. इतरांच्या कवळ्या मी जेवणासाठी केल्या. तिची चेहऱ्यासाठी केली.

बसवल्यावर तिच्या हातात आरसा दिला. ती बघत राहिली आणि रडली. मी विचारले, "टोचते कुठे?"

"अहो, छान आहे."

त्यानंतर एकोणीस वर्षे ती तेच म्हणाली. पोस्टाचे ते एक सोडले, तर तपासणीच्या नोंदीचे तिचे कार्ड मी कधी केले नाही. रोज समोर दिसणाऱ्या माणसाचे कार्ड कशाला? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला वाढून झाल्यावर ती मागाहून, एकटी जेवायची. मला वाटायचे तिला तसेच आवडते.

ती गेली तेव्हा नर्सने माझ्या हातात प्लास्टिकची पिशवी ठेवली. चष्मा, घड्याळ आणि कवळी. कवळीशिवाय तिचा चेहरा पार आत गेला होता. मुलगी येऊन पोचायच्या आत तो पूर्वीसारखा दिसावा, म्हणून मी नळाखाली कवळी धुवायला घेतली आणि सवयीने उलटी केली. आमच्या धंद्यातला माणूस कवळी पुढून बघत नाही, आतून बघतो.

डावी कड निम्मी घासलेली होती. आमच्या यंत्राने नव्हे, नखे घासायच्या कानशीने. ओरखड्यांवर ओरखडे, वेडेवाकडे. काही जुने, वापराने गुळगुळीत झालेले. काही अगदी अलीकडचे. मी बेसिनपाशी उभा राहून एकोणीस वर्षे वाचली. बाथरूमचे दार लावून, एकटी, ती माझ्या कामावर कानस चालवत होती, आणि बाहेर येऊन छान आहे म्हणत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तो माझ्या हातचा, माझ्या घरात, आणि मी सभेत टाळ्या घेत होतो.

कवळी बसवली, तिचे तोंड मिटले. मुलगी आल्यावर तिला एवढेच म्हणालो, "शांत गेली."

कलम सातवे. पत्र्याचा डबा.

महिन्याभराने मी सगळी जुनी कार्डे काढली. घरच्या माणसाने एकोणीस वर्षे मला खरे सांगितले नाही, तर परकी माणसे काय सांगणार? मी जेवणाच्या वेळी लोकांच्या घरी जाऊ लागलो.

पहिले घर कार्ड क्रमांक सतराचे. निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना आख्खी आळी हेडबाई म्हणते. चौदा वर्षे त्यांचे उत्तर एकच: "उत्तम." मी दुपारी साडेबाराला बेल वाजवली. त्यांनी दार उघडले आणि झटकन तोंडावर हात ठेवला. कवळी फडताळात होती, वाटीतल्या पाण्यात, वर्तमानपत्राच्या आड. बाहेर जायचे असले की घालायच्या. ताटात सगळे चेचून ठेवलेले. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही म्हण मी हत्तीची समजत होतो.

"बाई, मग चौदा वर्षे उत्तम काय म्हणत होता?"

"डॉक्टर, तुम्ही इतक्या आशेने विचारता, की नाही म्हणवत नाही हो."

हे वाक्य मी कार्डाच्या मागे लिहून ठेवले आहे. सर्टिफिकेटच्या जागी ते फ्रेम करायला हवे होते.

त्या वर्षी मी एकशे बारा घरी जेवलो. नुसतेच चघळून गिळणारी माणसे पाहिली, घासाघासाला पाणी पिणारी पाहिली, एकाच बाजूने चावता चावता मान वाकडी झालेली पाहिली. एक शिंपी होता, तो नातवंडांसमोर जेवायलाच बसत नव्हता; कवळी सुटून ताटात पडेल ही धास्ती. त्याला नवे अस्तर लावून दिले. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा तो पोरांशी हसत होता आणि मला म्हणाला, "डॉक्टर, आज तुम्ही कोपऱ्यात बसा, पोरांमधली जागा आता माझी." दोघांच्या तोंडात बरी न होणारी जखम सापडली. एक वेळेत सापडली, एक नाही. ज्याची वेळेत सापडली नाही त्याच्या कार्डावर 'पूर्ण समाधानी' लिहिलेले होते.

जो कोणी हे काम पुढे करेल त्याला सांगतो. वर्षातून एकदा जावे, जेवणाच्या वेळी. कळवून जावे, पण कशाला येतो ते सांगू नये. तोंडाकडे टक लावू नये. स्वतःचे ताट जेवावे आणि त्यांच्या ताटाकडे लक्ष ठेवावे. काय उरले, काय बाजूला सारले, कशाचे फार बारीक तुकडे केले. 'कसे आहे' असे विचारूच नये. सफरचंदाची एक फोड पुढे करावी आणि गप्प बसावे. जे सांगायचे ते फोड सांगते.

हे काम माझ्या मुलीने करावे अशी माझी इच्छा आहे. ती दंतवैद्य आहे, माझ्याहून चांगली. तिच्या दवाखान्याला काचेचे दार आहे, तोंडाचे माप ती कॅमेऱ्याने घेते. तिचे म्हणणे, "बाबा, पेशंट फोनवर सांगतात की सगळं." मी म्हणतो, "हो, सांगतात." आणि आमचे बोलणे तिथेच थांबते. आधीच्या मृत्युपत्रात मी लिहिले होते, की फेरी चालू ठेवलीस तरच घर तुझे. ते मी खोडले. अट घातली म्हणून माणूस ताटाशी बसेल, बघणार नाही. शिवाय तिला खरेपणा शिकवायचा मला अधिकार राहिलेला नाही. कारण पुढे.

कलम आठवे. चार वर्षांपूर्वी माझेही उरलेसुरले दात गेले. कवळी तिनेच करायची असा माझा हट्ट होता. बसवली त्या दिवशी ती माझ्यासमोर स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "बाबा, खरं सांगा हं. मला सर्टिफिकेट नको."

मी तिच्याकडे पाहिले. तिच्या कपाळावर तिच्या आईची आठी होती. केस पांढरे व्हायला लागले होते आणि चेहरा मात्र निकालाच्या दिवशीसारखा. मी म्हणालो, "झकास."

तिसऱ्या दिवसापासून खालची कवळी डावीकडे टोचते. माझे तिथले हाड धारदार आहे, तिचा दोष नाही. पंधरा दिवसांनी तिच्या दवाखान्यातून फोनवर संदेश आला, समाधान किती तारे. मी पाचही तारे दाबले. रविवारी ती जेवायला येते तेव्हा मी सांगतो, सकाळी उशिरा खाल्ले आहे. खोली बंद करून यंत्रावर मी कड दोनदा घासली, चकचकीत करून ठेवली, तरी भागले नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कोणाकडे?

बायको गप्प का राहिली ते मला आता कळते. मला वाटायचे ती मला भीत होती किंवा माझ्या रागाला कंटाळली होती. तसे नसावे. आपल्या माणसाने जीव ओतून केलेली वस्तू तोंडात असते, त्याचा चेहरा समोर फुललेला असतो, आणि तोंडातून 'दुखते' हा शब्दच निघत नाही. एवढे साधे आहे. हे कळायला मला तिच्यासारखेच दुखावे लागले.

~~कलम नववे. मी गेल्यावर माझी कवळी मेणबुवाने काढून घ्यावी आणि हातोडीने फोडून टाकावी. कोणत्याही परिस्थितीत ती माझ्या मुलीच्या हातात पडू देऊ नये. ती उलटी करून बघेल. हे मृत्युपत्रही वकीलसाहेबांनी तिला कलम पाचपर्यंतच वाचून दाखवावे.~~

इथपर्यंत लिहून मी साक्षीदारांना बोलावले. एक हेडबाई, दुसरे शेजारचे घड्याळजी. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, पण हेडबाईंच्या हातात लिहिलेला कागद दिला आणि त्यांनी तो तपासला नाही असे होत नाही. त्यांनी पर्समधून लाल पेन काढले. आठ कलमे कुठेही खूण न करता वाचली. नवव्या कलमाभोवती त्यांनी मोठे लाल वर्तुळ काढले आणि पेनला टोपण लावले.

"मी सही करणार नाही."

"का?"

"नऊ वर्षं माझ्या घरी जेवायला येता. माझ्या तोंडात बोट घालून खरं काढून घेता. आणि स्वतः?"

"बाई, तिला लागेल ते."

"तुमच्या बायकोनेही हेच म्हटलं असेल मनात."

घड्याळजींनी दोघांकडे पाहिले आणि विचारले, "म्हणजे मी दुकान बंद करून आलोय ते फुकट का?"

"फुकट," हेडबाई म्हणाल्या. "डॉक्टर, मेलेल्या माणसाच्या घरी कोणी जेवायला जात नाही. जे सांगायचं ते जिवंतपणी जाऊन सांगा. मग बोलवा मला."

कलम दहावे. हे आठ दिवसांनी लिहिले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीच्या दवाखान्यात गेलो. बाहेर टेबलाशी बसलेल्या मदतनीस पोरीने फॉर्म दिला. 'तक्रार' असा रकाना होता. मी लिहिले, 'दुखते.' माझे वेडेवाकडे अक्षर बघून ती पोरगी म्हणाली, "आजोबा, मी लिहू का?" मी म्हणालो, हे मलाच लिहायला हवे.

माझी मुलगी आतून बाहेर आली. "बाबा? तुम्ही पेशंटच्या रांगेत?"

"दुखतंय."

"कधीपासून?"

"बसवलीस त्याच्या तिसऱ्या दिवसापासून."

तिने मला आत नेले, खुर्चीत बसवले, कवळी काढून घेतली आणि उलटी केली. दिव्याखाली धरून बराच वेळ बघत राहिली.

"हे तुम्ही घासलंय."

"हो."

"चार वर्षं. आणि मला पाच तारे!" तिचा आवाज चढला. "मी त्या दिवशी काय विचारलं होतं तुम्हाला?"

कवळीशिवाय माझे बोलणे धड कळत नाही. तशाच बोबड्या तोंडाने मी तिला सगळे सांगितले. प्लास्टिकची पिशवी, बेसिन, घासलेली कड, कानस. मी म्हणालो, "तुझी आई एकोणीस वर्षं बाथरूमचं दार लावून, एकटी..."

"बाथरूममध्ये नाही, बाबा."

"म्हणजे?"

"स्वयंपाकघरात." तिने माझी कवळी ट्रेमध्ये ठेवली. "तुम्ही खाली कामाला गेलात की. आई ओट्याशेजारच्या स्टुलावर बसायची आणि मी खिडकीत उभी राहून घासायची. कानस माझी होती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते मी, दुसरं काही चालवता येत नव्हतं."

"आणि पुढे? डॉक्टर झाल्यावर?"

"पुढेही कानसच. यंत्राने केलं असतं तर तुम्ही लगेच ओळखलं असतं. नवीन अस्तरही लावू देईना. मी म्हटलं, आई, मी तुला दुसरी कवळी करून देते. तर म्हणाली, ह्यांनी तो तिरका दात बसवलाय, तो मला दुसऱ्या कोणाच्या हातचा नको. शपथ घातली मला."

"किती वेळा घासलीस?"

"दर दोन-तीन महिन्यांनी. शेवटची, ती दवाखान्यात जायच्या आधी पंधरा दिवस. घासून झालं की मी तिला सफरचंदाची फोड द्यायची. माझ्यासमोर खाऊन दाखवल्याशिवाय मी तिला उठू द्यायची नाही. नुसतं छान आहे म्हणायची ना ती."

मी खुर्चीत बसून रडलो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा बोळका म्हातारा, गळ्यात तिच्या दवाखान्याचा निळा कागद. नऊ वर्षे मी जिला बंद दाराआड एकटी बघत होतो, ती एकटी नव्हती. तिच्या तोंडाची काळजी घेणारे कोणीतरी होते, फक्त ते मी नव्हतो. ओरखडे मी बरोबर वाचले, हात चुकीचा वाचला. आणि पुढे फोड ठेवून गप्प बसायची जी रीत मी शोधून काढली म्हणून मिरवत होतो, ती माझ्याच डोक्यावर, माझ्याच स्वयंपाकघरात, वीस वर्षांची एक मुलगी आधीपासून पाळत होती.

"मला सांगायचं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "पण शपथ. आणि नंतर तुम्ही म्हणालात, शांत गेली. मग कशाला सांगू?"

तिने कडेला मऊ अस्तर लावले. वीस मिनिटांचे काम. चार वर्षांचे दुखणे आणि वीस मिनिटे! मग स्वतःच्या जेवणाच्या डब्यातले सफरचंद काढून तिने एक फोड कापली आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसली. काही विचारले नाही. मी ती चावून खाल्ली.

"मागे अजून थोडं टोचतंय," मी म्हणालो.

ती हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "आत्ता कुठे," असे म्हणून तिने पुन्हा यंत्र हातात घेतले.

रविवारी ती जेवायला आली. मी जेवलो, पोटभर. निघताना तिने टेबलाखालून पत्र्याचा डबा स्वतः ओढून काढला. एक कोरे कार्ड घेतले, त्यावर क्रमांक चव्वेचाळीस घातला आणि माझे नाव लिहिले. मग अजून एक कोरे कार्ड घेतले आणि त्यावर तिच्या आईचे नाव लिहून सगळ्यांच्या पुढे लावले. त्यावर क्रमांक घातला नाही. मंगळवारी ती हेडबाईंकडे जेवून आली. हेडबाईंनी मला फोन करून सांगितले, "तुमच्याहून कमी बोलते. बरं बघते."

तेव्हा वरील मजकुरात एवढे बदल समजावेत. कलम पहिल्यातले स्टूल टाकू नये. मेणबुवाने त्याचा पाय पक्का करून दिला आहे. पत्र्याचा डबा मुलीचा झाला असून तो मी देत नाही, तिने घेतला आहे. कलम नववे मी स्वतः खोडले आहे. वकीलसाहेब नवा स्वच्छ कागद करा म्हणत होते, पण खोडलेले दिसू दे. खाडाखोडीवर तिघांच्या आद्याक्षरांच्या सह्या आहेत. हे मृत्युपत्र मुलीला पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचून दाखवावे.

खोडलेल्या कलमाच्या जागी हे वाचावे: मी गेल्यावर माझी कवळी कोणी पिशवीत घालून दिली, तर ती माझ्या मुलीच्याच हातात द्यावी. ती उलटी करून बघेल, तिला बघू द्यावे. आत तिच्या हाताशिवाय आता दुसरे काही नाही.

मृत्युपत्र करणाऱ्याची सही: ____________

आम्ही दोघे साक्षीदार लिहून देतो, की वरील सही त्यांनी आमच्या डोळ्यांदेखत, सावधपणे केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर केली.

साक्षीदार पहिला: निवृत्त मुख्याध्यापिका, कार्ड क्रमांक सतरा. (सर्व कलमे वाचली. आता हरकत नाही.)

साक्षीदार दुसरा: घड्याळ दुरुस्त करणारा, शेजारचा गाळा. (दुकान दुसऱ्यांदा बंद करून आलो.)

ठिकाण: कामाची खोली, खालचा मजला.
दिनांक: चौदा मार्च, दुपारी जेवणानंतर.